कारण कोठे थांबवावे?

गेल्या पौषात आमचे भाचेजावई महूहून दोन दिवसांसाठी आमच्या भंवरकुआंच्या घरी मुक्कामास आले होते. सैन्याच्या तांत्रिक दलात त्यांची सारी सेवा झाली आणि त्या सेवेतील एक अखंड हिवाळा त्यांनी अंटार्क्टिकावरील भारतीय तळावर वाहनांची निगा राखण्यात काढला. आमच्या गच्चीवरून खाली पाहिले तर शिकवणी-वर्गांच्या पाट्या, वसतिगृहांच्या खिडक्यांत वाळत घातलेले कपडे आणि पोह्यांच्या गाडीभोवती जमलेली परगावची मुले एवढेच दृष्टीस पडते. अशा ठिकाणी बसून बर्फाच्या गोष्टी ऐकणे जरा विसंगतच. परंतु त्या दोन दिवसांत त्यांनी एका जुन्या हिमवाहनाची जी हकीगत सांगितली, तिने आमच्या मनातील तीसहून अधिक वर्षांपूर्वीची एक नस्ती पुन्हा उघडली. ती आता बंद कशी करावी हे आम्हांस उमगलेले नाही, आणि वाचकांपुढे ती ठेवण्याचे धाडस करतो आहोत ते याच कारणाने.

डॉ. सय्यद झहूर कासिम यांच्या नेतृत्वाखाली भारताची पहिली तुकडी ९ जानेवारी १९८२ रोजी त्या खंडावर उतरली, हे आमच्या पिढीस स्मरत असेल. पुढे ‘दक्षिण गंगोत्री’, मग १९८९ पासून ‘मैत्री’ आणि २०१२ साली ‘भारती’ असे तळ झाले. त्यांचा कारभार आज गोव्यातील वास्को येथील संशोधन केंद्रातून चालतो. ‘मैत्री’ हा तळ हिमफळीच्या कडेपासून सुमारे शंभर किलोमीटर आत आहे. जहाज उन्हाळ्यात एकदा येते. त्यातून उतरलेले इंधन आणि सामान घसरगाड्यांवर लादून आत ओढून न्यावयाचे, आणि ते ओढतात चाकांऐवजी रुंद पट्ट्यांवर चालणारी हिमवाहने. पट्टा वजन पसरवितो, म्हणून कित्येक टनांचे धूड भुसभुशीत हिमात रुतत नाही. जेथे माणसाचे पाऊल गुडघ्यापर्यंत जाते, तेथे ते वाहन वरून निघून जाते.

त्यांच्या ताब्यातील एक जुने वाहन तासभर चालले की डावीकडे ओढ घेऊ लागे. म्हणजे डाव्या पट्ट्यातील जोर ओसरे आणि उजवा एकटाच ढकलीत राही. शिवाय डाव्या बाजूने करकर ऐकू येई. ज्याने ऐकले त्याने निदान केले, की शेवटच्या दंतचक्रांची पेटी गेली. भाचेजावयांनी पेटीला हात लावला नाही. प्रथम त्यांनी चालकाला बसवून विचारले: काल हे वाहन काय करीत होते, जे आज करीत नाही? सकाळी थंड असताना होते, की तापल्यावर? सपाटीवर होते, की ओझे ओढताना? मग नुसत्या डोळ्यांनी भोवती एक फेरी. तेवढ्यात करकरीचा उलगडा झाला. पट्टा फिरविणाऱ्या दंतचक्राच्या दातांमध्ये बर्फ ठासून बसले होते; त्यामुळे चक्र जणू जाड झाले होते आणि पट्टा ताणून कुरकुरत होता. बर्फ फोडून काढले, करकर थांबली. परंतु ओढ थांबली नाही. म्हणजे सर्वांनी ज्या आवाजावरून निदान केले होते, त्या आवाजाचा त्या दुखण्याशी संबंधच नव्हता.

नंतर त्यांनी पेटीतील थोडे तेल काढून पाहिले. तळाच्या बुचाला चुंबक असते. दाते झिजत असतील तर त्यावर लोखंडाचा कीस जमतो. कीस नव्हता. या वाहनांत इंजिनाची शक्ती तेलाच्या दाबाने पट्ट्यांपर्यंत जाते. दोन्ही बाजूंना स्वतंत्र पंप आणि स्वतंत्र मोटर. तेव्हा त्यांनी एक साधी युक्ती केली. डाव्या पंपाच्या नळ्या उजव्या मोटरीला आणि उजव्या पंपाच्या डाव्या मोटरीला जोडल्या. तासाभराने वाहन उजवीकडे ओढू लागले. दोष जागा सोडून पंपाबरोबर गेला होता, म्हणजे मोटर आणि तिच्याखालचे सारे निर्दोष ठरले.

“मग पंप बदललात,” आम्ही म्हणालो.

“नाही मामा. पंप एकच शिल्लक होता आणि जहाजाला सात महिने होते. लावून पाहू, असं म्हणायची सोय नव्हती.”

त्यांनी पंपाच्या मागे जाऊन पाहिले. टाकीतून पंपाकडे तेल आणणारी रबरी नळी बाहेरून धडधाकट होती. आतील अस्तर मात्र सुटलेले. तेल तापले की ते अस्तर मऊ पडून आत चिमटत असे आणि पंपाला तेलच मिळत नसे. पंप नादुरुस्त नव्हता, उपाशी होता. हातभर नळी बदलली आणि ते वाहन उरलेला हिवाळा ओझी ओढीत राहिले.

ही हकीगत ऐकताना आम्ही दोनदा गप्प झालो. एकदा त्या अदलाबदलीच्या युक्तीपाशी, आणि एकदा ‘लावून पाहू असं म्हणायची सोय नव्हती’ या वाक्यापाशी. त्यांना वाटले, मामांना झोप येते आहे.

आम्ही अभियंते नव्हे. तत्त्वज्ञान घेऊन पदवीधर झालो आणि राज्य शासनाच्या प्रशासकीय शाखेत शिरलो. १९९१ साली आम्ही ज्या खात्यात होतो, त्याच्याकडे माळव्यातील एका तलावाच्या कामावर मातीकामाची काही जुनी यंत्रे होती. त्यांतील एक डोझर, ज्याला तेथे सारे ‘चेनवाली मशीन’ म्हणत, चढावर बंद पडला. उघडून पाहता डाव्या बाजूच्या क्लचच्या प्लेटा जळून काळ्या झालेल्या आढळल्या. अशा जुन्या यंत्राला डावीकडे वळवावयाचे तर डावा लिव्हर ओढून त्या बाजूच्या पट्ट्याची शक्ती तोडावी लागते. चालकाने लिव्हर अर्धवट धरून ठेवला तर प्लेटा घसरतात, तापतात आणि जळतात. तांत्रिक अहवाल अर्ध्या पानाचा होता: ‘प्लेटा जळाल्या आहेत, चालकाच्या सदोष हाताळणीचा हा परिणाम संभवतो.’ चौकशी अधिकारी आम्ही होतो. चालकाने जबाबात सांगितले की लिव्हर तो नीट सोडीत असे, परंतु गेले दोन महिने ‘डावी बाजू झोपत होती’. केरोसीनने क्लच धुतला की चार-सहा दिवस बरी चाले, पुन्हा झोपे. आम्ही हा जबाब शब्दशः नोंदविला. मग ‘संभवतो’ या शब्दाच्या जागी ‘सिद्ध होते’ हा शब्द लिहिला. १९६६ च्या सेवा-नियमांत निष्काळजीपणाने झालेली हानी वेतनातून वसूल करण्याची आणि वेतनवाढ रोखण्याची तरतूद आहे. दोन्ही शास्ती झाल्या. चालकाची अन्यत्र बदली झाली. नस्ती बंद झाली. कामाचा निपटारा त्वरित केल्याबद्दल वरिष्ठांनी आमची तोंडी प्रशंसाही केली.

नवा चालक आला, नव्या प्लेटा बसल्या. आठ-नऊ महिन्यांनी त्याच यंत्राच्या त्याच बाजूच्या प्लेटा पुन्हा जळाल्या. पुन्हा चौकशी झाली. ती आमच्याकडे नव्हती, पण जुन्या प्रकरणाची प्रत मागविली गेली आणि ती आमच्या सहीने पाठविण्यात आली. दुसऱ्या चालकालाही तीच शिक्षा झाली.

आता वाचकांनीच पाहावे. भाचेजावयांनी नळ्यांची अदलाबदल केली ती दोष कोणाबरोबर जातो हे पाहण्यासाठी. आम्हीही चालकाची बदली करून अजाणता तोच प्रयोग केला होता. चालक गेला, दोष त्याच्याबरोबर गेला नाही. तो यंत्रातच राहिला. प्रयोगाचा निष्कर्ष टेबलावर होता, दोन जावक क्रमांकांसह होता, आणि तो वाचावयास कोणासही सुचले नाही. शासनात बदल्या अगणित होतात. पटवाऱ्यापासून सचिवापर्यंत सारे फिरत असतात. त्यांतील प्रत्येक बदली खरे पाहता एक चाचणी असते: माणूस हलला, आता काय हलले आणि काय जागीच राहिले? पस्तीस वर्षांच्या सेवेत हा प्रश्न विचारणारी एकही टिप्पणी आमच्या पाहण्यात आली नाही. आमची स्वतःचीही नाही.

दुसरे वाक्य अधिक बोचणारे होते. तिकडे शिल्लक पंप एक होता, म्हणून निदान करणे भाग पडले. आमच्याकडे चालक पुष्कळ होते. ज्या वस्तूचा तुटवडा, तिच्याविषयी आपण विचार करतो. जी विपुल, ती बदलून पाहतो. माणसे आम्हांस विपुल वाटली.

२००३ साली दुसऱ्या पदावर असताना निकामी यंत्रांच्या निर्लेखनाची एक समिती आमच्याकडे आली आणि ज्या अंगणात आम्ही पोहोचलो, तेथे कडुनिंबाखाली तेच डोझर उभे होते. ते ‘अपशकुनी’ ठरून कित्येक वर्षे कोणी चालविले नव्हते. सोबत एक वृद्ध मिस्त्री होता. किंमत ठरविण्यापूर्वी त्याने सवयीने यंत्राभोवती फेरी मारली, मागच्या पेटीच्या माथ्यावरील एका बोटभर टोपीवर नख घासले आणि हसला. ती टोपी म्हणजे ब्रीदर. पेटीतील तेल तापले की हवा फुगते. ती बाहेर पडावी म्हणून टोपीला छिद्रे असतात. टोपीवर पिवळ्या रंगाचे दोन-तीन थर चढले होते आणि छिद्रे बुजली होती. हवेला वाट न राहिल्याने पेटीत दाब वाढे, तो तेलाला कडेच्या सीलमधून बाहेर रेटी, आणि ते तेल शेजारच्या कोरड्या क्लचमध्ये झिरपे. तेलकट प्लेटा घसरणारच. उजव्यापेक्षा डावे सील जुने होते, म्हणून ते आधी हरले. दुरुस्तीच्या वेळी सील बदलल्याची नोंदही होती, दोन्ही वेळा. गळत होते सीलच, तेव्हा बदलले सीलच. छिद्रे उघडावयास एक टाचणी पुरली असती.

मग आम्हांस तो जबाब आठवला. केरोसीनने धुतले की चार दिवस बरे. माधवनिदानात रोग ओळखण्याची पाच साधने सांगितली आहेत: निदान, पूर्वरूप, रूप, उपशय आणि संप्राप्ती. यांतील उपशय म्हणजे अमुक उपचाराने आराम पडतो की नाही यावरून रोगाचा अंदाज बांधणे. धुतल्याने आराम पडतो, याचा अर्थ प्लेटांवर काहीतरी साचते आहे. हाताळणीचा दोष धुण्याने चार दिवस बरा होत नसतो. एका अशिक्षित माणसाने आमच्यापुढे अचूक उपशय मांडला होता आणि आम्ही तो सुवाच्य अक्षरात नोंदवून बाजूस ठेवला. तर्कशास्त्रात उत्तीर्ण झालेल्या माणसाची ही गोष्ट आहे. धुरावरून अग्नीचे अनुमान होते, परंतु अग्नीवरून धुराचे होत नाही. त्याला ओल्या इंधनाची उपाधी लागते, हे पहिल्याच वर्षी शिकवितात. चुकीच्या हाताळणीने प्लेटा जळतात, म्हणून जळलेल्या प्लेटा म्हणजे चुकीची हाताळणी, हे आमचे अनुमान त्या वर्गातील कोणत्याही मुलाने खोडले असते.

येथपर्यंत हा केवळ बुद्धीचा प्रमाद आहे आणि त्याची कबुली देणे फारसे कठीण नाही. कठीण भाग पुढचा आहे. ब्रीदरवर रंग कोणी चढविला? रंगाऱ्याने. रंगाऱ्याला कोणी सांगितले? वार्षिक तपासणीपूर्वी सर्व यंत्रे स्वच्छ करून रंगवून घ्यावीत, अशी परिपत्रके त्या काळी दर वर्षी निघत. ती आस्थापना शाखेतून निघत, आणि १९८९ ते १९९१ या काळात त्या शाखेत आम्ही होतो. नेमक्या त्या वर्षीच्या परिपत्रकावर आमची सही होती किंवा काय, हे आता आठवत नाही. असण्याचा संभव आहे. आणि येथे ‘संभव’ हा शब्द बदलण्याची आमची तयारी नाही, हे लिहितानाच जाणवले, तेव्हा लेखणी काही काळ खाली ठेवावी लागली.

कारणामागे कारण असे जात राहिले तर नैयायिक ज्याला अनवस्था म्हणतात, ती ओढवते. प्लेटांमागे तेल, तेलामागे सील, सीलमागे दाब, दाबामागे बुजलेली टोपी, टोपीमागे रंग, रंगामागे परिपत्रक, परिपत्रकामागे तपासणीच्या दिवशी सारे पिवळेधमक दिसावे ही हौस. कोठेतरी थांबावेच लागते. प्रश्न आहे तो कोठे. मिस्त्री थांबतो ते दुरुस्ती टिकेल अशा ठिकाणी. त्याच्या आधी थांबला तर दोष परत येतो आणि त्याच्या अब्रूला बट्टा लागतो, म्हणून यंत्रच त्याला पुढे ढकलीत नेते. चौकशी थांबते ती जेथे शिक्षा करण्यायोग्य माणूस सापडतो तेथे, आणि तो माणूस बहुधा साखळीतील सर्वांत खालच्या वेतनश्रेणीचा असतो. आमच्या अहवालास पुढे ढकलणारे काहीही नव्हते. प्लेटा पुन्हा जळाल्या तरी अहवालाच्या लेखकाचे काही बिघडले नाही.

ही खोड केवळ सरकारी कचेऱ्यांची नव्हे. कॅप्टन स्कॉटने दक्षिण ध्रुवाच्या मोहिमेत पट्ट्यांवर चालणाऱ्या तीन मोटार-घसरगाड्या नेल्या होत्या. एक जानेवारी १९११ मध्ये उतरवितानाच बर्फ फुटून समुद्रात गेली. उरलेल्या दोन त्याच वर्षी २४ ऑक्टोबरला निघाल्या आणि थोड्याच दिवसांत बंद पडल्या. त्यांच्यासोबतच्या चौघांनी मग स्वतःच्या खांद्यांना पट्टे बांधून सामान ओढले. लोकांच्या स्मरणात राहिले ते एवढेच, की बर्फावर मोटारी फसल्या. प्रत्यक्षात बिघडले होते ते इंजिन: सिलिंडर तापत होते आणि दांड्याचे बेअरिंग तुटले. पट्टे उत्तम चालले होते, हे खुद्द स्कॉटने ओळखले होते. या गाड्यांच्या जडणघडणीत ज्याचा मोठा हात होता, तो रेजिनाल्ड स्केल्टन हा अभियंता मोहिमेत नव्हता. अधिकाऱ्यांच्या श्रेणीचा काही प्रश्न आडवा येऊन त्याला मागे ठेवले गेले होते. दोष एका भागाचा, आणि अपकीर्ती साऱ्या कल्पनेची. पाच वर्षांनी पट्ट्यांवर चालणारे रणगाडे सोमच्या रणभूमीवर आले, तेव्हा पट्ट्यांविषयी कोणी शंका घेतली नाही.

आमचे काही स्नेही म्हणतील, आणि एकाने म्हटलेही, की तुम्ही सद्‌भावनेने, उपलब्ध पुराव्यावर, नियमानुसार निर्णय दिला. यात नैतिक दोष कसला? या म्हणण्यात तथ्य आहे असे आम्हांस अनेक वर्षे वाटत आले. २००३ नंतरची वीस वर्षे आम्ही त्याच आधारावर स्वस्थ झोपलो. परंतु सद्‌भावना ही निर्णयाच्या क्षणी पाहावयाची गोष्ट आहे. त्या कडुनिंबाखाली सत्य कळल्यानंतर आम्ही काय केले? काहीही नाही. निर्लेखनाच्या कागदावर सही केली, चहा घेतला आणि गाडीत बसलो. प्रकरण जुने झाले आहे, शास्ती भोगून झाली आहे, आता उकरून काय होणार, अशी आमची समजूत आम्हीच घातली. १९९१ च्या अज्ञानाला क्षमा असेल. २००३ च्या मौनाला आम्ही अद्याप नाव शोधतो आहोत.

भाचेजावई गेल्यावर महिन्याभराने आम्ही त्या पहिल्या चालकाचा शोध घेतला. जुन्या कचेरीतील एका लिपिकाने निवृत्तिवेतनाच्या कागदांवरून गाव सांगितले. धार जिल्ह्यातले ते गाव इंदूरहून दोन-अडीच तासांचे. वय ऐंशीच्या घरात, दृष्टी अधू, परंतु आवाजावरून त्याने आम्हांस ओळखले आणि सुनेला खाट बाहेर टाकावयास सांगितले. आम्ही सारे सांगितले: ब्रीदर, रंग, तेल, सील. माफी हा शब्द तोंडातून निघावयास वेळ लागला, पण निघाला.

तो बराच वेळ काही बोलला नाही. मग त्याच्या माळवी-निमाडी मिश्र हिंदीत त्याने जे सांगितले त्याचा आशय असा, की साहेब, तुम्ही लिहिलेत तेव्हा मला वाटले होते की खोटे आहे. पण नंतर वर्षे गेली तसे वाटू लागले की एवढे शिकलेले लोक लिहितात, तर लिव्हर मीच धरून ठेवला असेन. पुढे दुसऱ्या यंत्रावर बसलो तेव्हा प्रत्येक वळणाला डाव्या हाताकडे पाहत असे. वरच्या जागेसाठी नाव निघाले तेव्हाही मीच पुढे झालो नाही.

वसुलीच्या रकमेचा आणि रोखलेल्या वेतनवाढीचा हिशेब आम्ही कागदावर मांडून नेला होता. तो आम्ही खिशातून काढलाच नाही.

उठताना त्याने विचारले, “और वो मेरे बाद वाला लड़का, उसको बताया किसी ने?”

त्या दुसऱ्या चालकाचे नाव आमच्या स्मरणात नव्हते. प्रकरणाची प्रत आमच्या सहीने गेली होती, परंतु ती कोणासाठी जात आहे हे आम्ही त्या वेळी पाहिले नव्हते. लिपिकाकडून आता नाव मिळाले आहे. तो २००० साली राज्याच्या विभाजनात छत्तीसगडच्या वाट्याला गेला असे कळते. तिकडे पत्र पाठविले आहे. उत्तर आलेले नाही.